गुरुवार, सहा ते नऊ

पाटाचं पाणी ओदिलियाच्या रानाशी आलं आणि आत न वळता सरळ खाली गेलं.

अबेनिसिओ बांधावर उभा राहून बघत होता. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. ऊन अजून डोंगराच्या पलीकडेच होतं. रानाच्या दाराची फळी कुणीतरी दाबून बसवली होती. बुडाशी गवताची ढेकळं ठोकली होती आणि वर एक दगड ठेवला होता. काम चोख होतं. थेंबसुद्धा आत झिरपत नव्हता.

रानात मिरचीच्या एकतीस सऱ्या होत्या. सकाळच्या गारव्यातही पानं मान टाकून होती. हे बी त्याच्या बायकोच्या, ओदिलियाच्या माहेरचं. तिच्या आईने, आजीने याच तुकड्यात धरलेलं. गेल्या साली ती अंथरुणाला खिळली आणि बी धरायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. डब्यात ओंजळभर होतं, तेवढं सगळं अबेनिसिओने मे महिन्यात पेरून टाकलं होतं. आता डबा रिकामा होता. जे काही होतं ते या एकतीस सऱ्यांत होतं.

खालच्या रानात फाकुंदो दारं धरत होता. गुडघाभर रबरी बूट, डोक्यावर जुनी गवती टोपी. अबेनिसिओ बांधाबांधाने खाली गेला.

"वरची फळी तू लावलीस?"

"मी लावली." फाकुंदोने वर बघितलं नाही. फावड्याने एक ढेकूळ उचलून दुसऱ्या वाफ्याच्या तोंडाशी ठेवलं.

"गुरुवारी सहा ते नऊ ओदिलियाची पाळी असते."

"असायची."

"नवाच्या आधी तुझी सुरू होत नाही. पाळ्या मी लावल्यात."

"ते माहीत आहे की, पाटकरीबुवा. पाळ्या तुम्ही लावता, काठी तुमच्या हातात, वही तुमच्या खिशात." आता फाकुंदोने कंबर सरळ केली. "मग वहीत बघ की, कोंपाद्रे. पाटाचा गाळ काढला तेव्हा ओदिलियाच्या हक्कावर कोणाचा गडी आला होता?"

अबेनिसिओच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा फाकुंदोने तिला हातात धरलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणत. चांगलं बोलायचं असलं तरी आणि नसलं तरी.

"गडी नाही तर पाणी नाही. हे कुणी म्हटलं होतं? तीन वर्षांमागे माझा पाय प्लास्टरमध्ये होता. पाय! मी बाजेवरून निरोप धाडला की या वेळी गडी मिळत नाही, सांभाळून घे. तू काय सांगितलंस?"

"नियम सांगितला."

"माझी लसूणघास वाळून गेली त्या साली. गाय विकली मी." फाकुंदोने फावडं पुन्हा मातीत घातलं. "आता तू मला नियम सांग. ऐकतो."

अबेनिसिओ परत वर आला. त्या फळीवरचा दगड त्याला एका हाताने उचलता आला असता. वीस वर्षं या पाटावरची सगळी दारं त्याच्याच हुकुमाने उघडत आणि मिटत होती. त्याने दगडाकडे बघितलं आणि तो घरी गेला.

मार्चमध्ये झालं होतं ते असं. दरवर्षीप्रमाणे पाटाचा गाळ काढायला सगळे बंधाऱ्याशी जमले होते. लोस अलिसोस गावच्या पाटावर चोवीस हक्क. हक्कामागे एक गडी, प्रत्येकाने आपलं फावडं आणायचं. पाटकऱ्याने वही उघडून एकेक नाव पुकारायचं, आणि ज्याचा गडी असेल त्याने 'हजर' म्हणायचं. ओदिलियाला जाऊन दोन महिने झाले होते. तिचा हक्क बापाकडून आलेला, तिच्या नावावर वेगळा. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली तरी तिने तो नवऱ्याच्या हक्कात मिसळू दिला नव्हता. दर मार्चमध्ये ती आपला गडी आपण धाडायची. वहीत तिचं नाव अकरावं होतं. अबेनिसिओने दहावं पुकारलं. मग त्याची नजर त्या ओळीवर गेली, आणि त्याने बारावं पुकारलं.

कुणी काही म्हणालं नाही. तेवीस फावडी खांद्यावर गेली आणि काम सुरू झालं. आपण तिला विसरलेलो नाही, फक्त तिचं नाव तोंडाने घेतलं नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. एप्रिल-मे पाणी मुबलक होतं, पाळ्याच नव्हत्या, जो तो हवं तेव्हा दार उघडत होता. या वर्षी डोंगरावर बर्फ थोडा पडला होता. जूनअखेरच्या सान हुआनच्या सणापर्यंत नदी इतकी उतरली की मधले दगड पांढरे पडले. मग पाळ्या लागल्या.

त्या दिवशी दुपारी तो दोन्या क्लेओफासकडे गेला. पाटाच्या तिघांच्या समितीत ती मुख्य, सगळे तिला मानाने दोन्या म्हणत. वय ब्याऐंशी, ऐकू नीट येई, दिसे मात्र एका डोळ्याने. ती ओट्यावर घेवडा निवडत बसली होती.

"दोन्या, ओदिलियाच्या रानाचं पाणी या वर्षी बंद आहे. तिचा गडी आला नव्हता. तसं वहीत लिहायला हवं."

"बस."

तो बसला.

"मी तिथेच होते मार्चमध्ये," ती म्हणाली. "कान शाबूत आहेत माझे. दहा झालं आणि बारा झालं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं तोंड बघितलं म्हणून." तिने एक खडा बाजूला टाकला. "फाकुंदोने फळी लावली ना? लावणारच. खालच्या टोकाचा माणूस आहे, सगळ्यांचं पिऊन उरलेलं पाणी त्याला मिळतं. चुकीचं नाही बोलला तो."

"चुकीचं बोलला असं मी म्हणत नाही."

"ती मिरची जगेल का?"

"आठ दिवस तग धरेल. विहिरीचं घालतो बादलीने."

"एकतीस सऱ्यांना बादलीने." तिने त्याच्या हातांकडे बघितलं. "शनिवारी बंधाऱ्याचं काम काढलंय. सगळं पाणी फटींतून खाली निघून चाललंय. हक्कामागे गडी, नेहमीप्रमाणे. वही तुझ्याच हातात असेल."

तो उठताना तिने निवडलेला घेवडा पिशवीत घालून दिला. "मीठ शेवटी घालायचं. आधी घातलंस की शिजत नाही. तुझ्या घरावरून जाताना करपलेला वास येतो रोज."

शुक्रवारचा दिवस बादल्यांत गेला. विहीर घरामागे. तिथून पिंप भरायचं, गाडीत टाकायचं, रानाशी नेऊन मगाने रोपाच्या बुडाशी ओतायचं. चार खेपांत अकरा सऱ्या झाल्या आणि बादली विहिरीच्या तळाला लागून गाळ घेऊन वर आली. दुपारी डोंगरावर काळे ढग जमले, दोनदा गडगडले आणि पलीकडच्या खोऱ्यात निघून गेले. संध्याकाळी त्याला पाठ वाकवून बूट काढता येईनात. पूर्वी ओदिलिया टाचेला धरून ओढायची आणि म्हणायची, पाय आहे का खांब. तो बूट घालूनच जेवला.

शनिवारी सात वाजता बंधाऱ्याशी माणसं जमली. बंधारा म्हणजे नदीत आडवे रचलेले धोंडे, मध्ये वाळुंजाच्या फांद्या आणि वर गवताची ढेकळं. आजोबांच्या आजोबांनी रचला तसाच, दरवर्षी थोडा वाहून जाणारा आणि दरवर्षी पुन्हा भरायचा. फांद्या पार सडल्या होत्या. बंधारा भरायचा आणि त्याखालचा पाट कोरडा करून गाळ काढायचा, असं काम होतं.

अबेनिसिओने वही उघडली. नावं पुकारली. हजर, हजर, हजर. सातवं नाव त्याचं स्वतःचं होतं, तेही त्याने पुकारलं आणि स्वतःच हजर म्हणाला. नेहमीप्रमाणे कुणीतरी हसलं. दहावं झालं.

मग तो थांबला. पाणी फांद्यांतून गळत होतं, तेवढाच आवाज होता.

"ओदिलिया राएल," तो म्हणाला.

आवाज नीट फुटला नाही, म्हणून त्याने घसा खाकरून पुन्हा म्हटलं, "ओदिलिया राएल."

दोघांनी टोप्या काढल्या. हे त्याला आवडलं नाही. हे काही चर्च नव्हतं.

"हजर," तो म्हणाला.

"तू तर सातवा हजर झालास." हा फाकुंदो. "एक माणूस दोन फावडी कशी चालवणार?"

"आधी एक वाटा काढीन. मग दुसरा. मार्चचा राहिलाय तो तिसरा."

"आणि पाटकरी कोण? खाली उतरलेल्या माणसाने आपलंच काम आपण मोजायचं का?"

"नाही." अबेनिसिओने वही क्लेओफासच्या हातात दिली. मग त्याने हातातली मापाची काठी आडवी धरून पुढे केली. "आज तू मोज."

फाकुंदोने काठीकडे बघितलं आणि मग इतरांकडे. "मी का? एलोय आहे की. तो तुझा शेजारी आहे."

"एलोय मला सूट देईल."

एलोय लाजला, कारण ते खरं होतं. फाकुंदोने काठी घेतली. तिच्या टोकावरचा चिखल पुसला आणि ती टेकवून पाटाच्या तोंडाशी गेला.

"आठ काठ्यांचा वाटा," तो ओरडला. "तळ दिसला पाहिजे! दोन्ही कडा उभ्या! अर्धवट कसलंही मी घेणार नाही, आणि गप्पा कमी!"

"आला बघा नवा राजा," कुणीतरी म्हणालं.

"राजा नाही, पाटकरी. राजाला एवढं ओरडावं लागत नाही."

त्याने काठी टाकत टाकत पाट मोजला आणि प्रत्येक आठ काठ्यांवर टाचेने रेघ मारली. माणसं आपापल्या वाट्यात उतरली. अबेनिसिओ उतरला तेव्हा गार चिखल त्याच्या बुटात शिरला. नदी आटली तरी पाणी डोंगरावरचंच होतं, हाडाला झोंबणारं. वीस वर्षं तो काठावरून चालत आला होता. फावडं त्याच्या हातात परकं होतं. दहा मिनिटांत अंगठ्याच्या बुडाशी फोड आला, आणि अर्ध्या तासात तो फुटला.

स्वतःचा वाटा त्याने साडेनऊला संपवला. फाकुंदो आला, काठीने तळ टोचला. "चालेल. दुसरा तिकडे, वाळुंजापाशी."

"तिथे मुळं आहेत."

"माझा दोष आहे का? रांगेत जो आला तो आला."

मुळं बोटभर जाड होती आणि गाळात जाळ्यासारखी पसरली होती. फावडं आपटलं की मागे उसळायचं. एलोयने कुऱ्हाड आणून दिली आणि हळूच म्हणाला, "तू थोडा बस, काका. चार हात मी मारतो."

"एलोय!" वरून फाकुंदोचा आवाज आला. "तुझ्या वाट्यात काम नाही का? ज्याचं काम त्याला करू दे!"

"अरे, अडुसष्ट वर्षांचा माणूस आहे."

"ओदिलियाने कधी कुणाचे चार हात उसने घेतले होते?"

एलोय गेला. अबेनिसिओने गुडघे टेकून मुळं तोडली. कुऱ्हाड ओल्या मुळात रुतायची आणि ती काढताना खांद्यात कळ यायची. तोडलेली मुळं वर फेकताना चिखल तोंडावर पडायचा. त्याच्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही. हे मूळ, मग ते मूळ.

जेवणाच्या सुट्टीत सगळे सावलीत बसले. त्याच्या डब्यात घेवडा आणि दोन तोर्तिया, म्हणजे भाकऱ्या होत्या, एक कच्ची, एक कडक. क्लेओफासने डोकावून बघितलं. "बरं झालं," ती म्हणाली. "शिजलाय तरी."

दीड वाजता फाकुंदो दुसरा वाटा बघायला आला. खाली उतरला आणि बोटं तळावरून फिरवली. मग एका कडेला हात खुपसला. मनगटापर्यंत आत गेला.

"इथे गाळ आहे."

"कडेला थोडा आहे."

"थोडा म्हणजे गाळच. पुन्हा काढ."

काठावरचा एकजण म्हणाला, "फाकुंदो, पुरे झालं आता, माणसाने जरा..."

"तू गप्प बस. तिच्या गड्याने असं काम केलं असतं तर ओदिलियाने त्याला घरी जाऊ दिलं असतं का?"

अबेनिसिओने फावडं उचललं. मागच्या सहा महिन्यांत लोक त्याच्याशी हळू आवाजात बोलत आले होते. दुकानात त्याला रांगेत पुढे सोडत. चर्चच्या दारात त्याचा हात धरत. तिचं नाव निघालं की 'बिचारी' म्हणत आणि विषय बदलत. या माणसाने आज तिचा वाटा मोजला होता, जसा इतर कुणाचा मोजावा तसा, आणि त्यातला गाळ त्याने सोडला नव्हता. अबेनिसिओने कड पुन्हा काढली. आतला गाळ काळा होता आणि त्याला कुजक्या पानांचा वास येत होता.

मार्चचा राहिलेला तिसरा वाटा पाचाला संपला. तोवर बहुतेक माणसं गेली होती. बंधारा भरला होता, फांद्यांवरची ढेकळं ओली होऊन बसली होती. फाकुंदोने शेवटच्या आठ काठ्या पुन्हा एकदा मोजल्या. मग क्लेओफासकडे वळून म्हणाला, "लिहा. ओदिलिया राएल, मार्चचा एक, आजचा एक. झाले."

क्लेओफासने वही डोळ्याजवळ नेऊन लिहिलं. "पाळी?"

"गुरुवार. सहा ते नऊ." त्याने काठी अबेनिसिओच्या हातात परत दिली. "नवाला मी खाली उभा असेन. एक मिनिट वर नाही."

गुरुवारी पाच वाजताच अबेनिसिओ रानात होता. फळीवरचा दगड आणि ढेकळं काढून ठेवलेली होती. सहाला त्याने फळी उचलली आणि पाणी आत आलं.

त्याला हे काम येत नव्हतं. त्याने आयुष्यभर कुरणाला पाणी दिलं होतं. कुरणाला पाणी सोडलं की ते आपलं आपण पसरतं. सऱ्यांचं तसं नाही. पहिल्या सरीत पाणी जोरात गेलं आणि टोकाचा बांध फोडून बाहेर पडलं. तो धावत गेला, बांध लिंपला, तोवर दुसरी सरी फुटली. जास्त उघडलं तर वाहून जाई, कमी उघडलं तर मध्येच जिरून जाई. ओदिलिया अनवाणी चालायची, पायाने ढेकूळ सरकवायची, हात कमरेवर. फावडं क्वचित घ्यायची. त्यानेही बूट काढले. थोडं बरं जमायला लागलं. पाणी टोकाला पोचायच्या आधीच दार बदलायचं, मागचं उरलेलं आपलं आपण पोचतं, हे त्याला पंधराव्या सरीला समजलं.

नऊ वाजले तेव्हा अठ्ठावीस झाल्या होत्या. तीन कोरड्या होत्या. फाकुंदो खालच्या बांधावर फावडं टेकून उभा होता.

अबेनिसिओने कोरड्या सऱ्यांकडे बघितलं. मग तो वर गेला आणि फळी हातात घेतली.

"काय करतोस?" फाकुंदोने विचारलं.

"नऊ वाजले."

"किती राहिल्या?"

"तीन."

"तिच्याही तीनच राहायच्या. नाहीतर चार." फाकुंदो वर चढून आला. "तीन तासांत या एकतीस सऱ्या कुणाच्या बापाला होत नाहीत. तिच्या बापालाही होत नव्हत्या."

"मग काय करायची?"

"काय करायची म्हणजे? माझ्या पाळीतून घ्यायची. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. दर गुरुवारी. पाळ्या लागल्या की ती लागलीच माझ्या मागे."

अबेनिसिओच्या हातात फळी तशीच राहिली. "ओदिलिया पाणी चोरायची?"

"चोरायची कसली, भांडून घ्यायची. इथे उभी राहून. तोंड सुटलं की अर्धा तास बंद नाही. तेवढ्यात तिकडे तिन्ही सऱ्या भरायच्या."

"मला कधी बोलली नाही."

"पाटकऱ्याला कोण सांगतं?"

"तू सांगायचं होतंस. तक्रार करायची होतीस."

"केली असती तर तू बंद केलं असतंस." फाकुंदोने टोपी काढून कपाळ पुसलं. "माझ्याशी घरी कोण बोलतं? भिंती? आठवड्यातून एकदा कुणीतरी मनापासून शिव्या देत होतं."

पाणी दाराशी फळीची वाट बघत असल्यासारखं फिरत होतं. अबेनिसिओ म्हणाला, "मग आता मी मागतो. वीस मिनिटं दे."

"मागून नाही मिळणार. भांड."

"काय?"

"भांड म्हटलं. तिच्या हक्काचं आहे ते, तिच्या रीतीने घे."

अबेनिसिओला आयुष्यात कधी भांडावं लागलं नव्हतं. त्याच्याकडे नियम होता. तो म्हणाला, "तुझं घड्याळ पुढे आहे."

"रेडिओवर लावलंय."

"मग रेडिओ पुढे आहे."

"हे भांडण आहे? ती माझ्या आईपासून सुरुवात करायची."

"तुझी आई..." अबेनिसिओ अडखळला. "तुझी आई चांगली बाई होती."

"घाल ती फळी!" फाकुंदो ओरडला. "अशाने पाणी मिळत असतं तर सगळी नदी पाद्रीबाबाच्या रानात गेली असती! घाल!"

"नाही घालत."

"का नाही घालत?"

"कारण तू तिथे होतास!" हे कुठून आलं ते अबेनिसिओला कळलं नाही. "मार्चमध्ये! मी तिचं नाव गाळलं तेव्हा तू तिथे फावडं टेकून उभा होतास, आत्ता उभा आहेस तसाच! तुझ्या तोंडात काय होतं रे? तंबाखू? एवढी वर्षं तिच्याशी भांडलास, एक शब्द नाही बोलता आला तिच्या बाजूने?"

"बोललो असतो तर तू सगळ्यांसमोर रडला असतास!"

"रडलो असतो तर रडलो असतो! तुला काय त्याचं? तुझ्या डोळ्यांतून येणार होतं का पाणी?"

"माझ्यासमोर आवाज चढवू नकोस, माझ्या बांधावर उभा राहून!"

"तुझा बांध? हा बांध तिच्या बापाने घातलाय, गाढवा! तुझा खाली आहे, तो, उंदरांनी पोखरलेला!"

"माझ्या बांधाला नावं ठेवतोस? तू? स्वतःला सरी बांधता येत नाही, सकाळपासून बघतोय, बेडकासारखा इकडून तिकडे उड्या मारतोय!"

"बघत होतास तर यायचं होतंस सांगायला!"

"बोलावलंस का?"

अबेनिसिओने फळी गवतात फेकली आणि दोन पावलं पुढे आला. त्याचं तोंड लाल झालं होतं, गाल ओले झाले होते आणि तो ओरडत होता. मिरची, लसूणघास, प्लास्टरमधला पाय, विकलेली गाय, सगळं निघालं. फाकुंदोही काही शिल्लक ठेवत नव्हता. वरच्या रस्त्याने एलोयची गाडी गेली, थोडी थांबली आणि पुढे गेली. एकोणतिसावी सरी भरली, मग तिसावी. अधूनमधून फाकुंदो ओरडता ओरडता पायाने एक ढेकूळ सरकवत होता. शेवटची सरी भरून पाणी बांधावरून त्याच्या स्वतःच्या रानात उतरायला लागलं, तरी दोघांचं चाललंच होतं.